चिंधी बांधलेला दोडका

गणपती झाले म्हणजे सोलापूरला राहायला जायचं, असं आमचं ठरलं. ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांनी वांग्याची ऐंशी रोपं आणून लावली.

वांगं लावल्यापासून तोड्याला यायला दोन-अडीच महिने जातात, हे आमच्या रानातल्या बुजगावण्यालाही ठाऊक असेल. मी मूळची सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. लग्नाआधी भाजी मंडईतच उगवते, अशी माझी समजूत होती. पण चौतीस वर्षं ह्या मातीत काढल्यावर एवढं तर मलाही कळतं. मी विचारलं, "ही वांगी येतील तेव्हा खायला कोण असणार आहे इथं?"

"कुणी बी खाईल की," हे म्हणाले. "रोपवाल्याकडं पडून हुती. वाळून गेली असती बिचारी."

बिचारी! माझ्या गुडघ्यांना ह्या माणसानं कधी बिचारे म्हटल्याचं मला आठवत नाही.

आमचं रान दुधनीच्या अलीकडं आहे. दीड एकर काळी जमीन, एक विहीर, रानातच बांधलेल्या दोन खोल्या. निम्म्यात ज्वारी आणि निम्म्यात भाजीपाला. आमचा एकुलता मुलगा सोलापुरात नोकरी करतो. त्यानं माझ्या माहेरच्या गल्लीमागं दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवल्या होत्या. तळमजला, नळाला पाणी, आणि डोळ्यांचा दवाखाना चालत दहा मिनिटांवर. जायचं कारण तेच होतं, ह्यांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, राहिली आहे ती सांभाळायची. दिवसातून तीनदा थेंब, महिन्याला तपासणी, आणि विहिरीच्या आसपास एकटं सोडायचं नाही. आमच्या विहिरीला कठडा नाही आणि ती घरापासून साठ पावलांवर आहे.

ह्यांचं मात्र एकच पालुपद. "मला दिसतंय की." पुरावा म्हणून ते वर्तमानपत्र नाकासमोर धरायचे आणि मोठ्या अक्षरातली बातमी घडाघडा वाचून दाखवायचे. खरंच वाचायचे. डॉक्टर म्हणाले होते, ह्या आजारात समोरचं दिसत राहतं आणि बाजूचं जातं, म्हणून माणसाला स्वतःलाच पत्ता लागत नाही. मी तिथं मान डोलावली होती. पण घरी आल्यावर समोरचा माणूस बातमी वाचून दाखवतोय म्हटल्यावर बाजूचं दिसणं म्हणजे नेमकं काय, ह्याचा विचार मी केला नाही. ऐकलं आणि दवाखान्यातच सोडून आले.

तसं मी माझ्या परीनं बरंच सांभाळत होते. मला बोलण्यात म्हणी लागतात, त्याला माझा इलाज नाही. पेठेत वाढलेल्या बाईची जीभ म्हणींशिवाय चालत नाही. पण त्या वर्षात मी 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण गिळली, 'आंधळा मागतो एक डोळा' गिळली, आणि 'वासरात लंगडी गाय' म्हणतानाही उगीच आधी एकदा ह्यांच्याकडं बघून घ्यायला लागले. एवढं करून हा माणूस माझ्या नाकावर टिच्चून वांगी लावत होता.

वांग्यांवर थांबले असते तरी मी काही बोलले नसते. मी जुन्या साड्यांची गाठोडी बांधत होते, तेव्हा ह्यांनी मेथीचं बी फेकलं. मी पाटा-वरवंटा गोणीत घातला, तेव्हा ह्यांनी भेंडीची दुसरी लावण केली. मी मोठं घमेलं भांड्यांच्या गोणीत तळाशी घातलं, वरून पितळेची भांडी रचली, सुतळीनं तोंड शिवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गोणी उसवलेली, भांडी ओट्यावर मांडलेली आणि घमेलं शेणखत वाहायला रानात. मी पुन्हा गोणी भरली. ह्यांनी टोपलंभर अंबाडी आणून पुढ्यात ओतली. अंबाडी शिजवायला मोठं पातेलं लागतं, आणि पातेलं अर्थातच गोणीत. त्या पावसाळ्यात ती गोणी मी किती वेळा शिवली असेल ते सांगत नाही. दाभण माझ्या कमरेला असायचं, किल्ल्या असाव्यात तसं.

वर ओरडाही मलाच. खुरपं दाराजवळच्या खुंटीवर का नाही, माठ खिडकीखालून कुणी हलवला, चपला डावीकडं असतात त्या उजवीकडं कशा गेल्या. सामान बांधायचं म्हणजे ते हलणारच. हलवल्याशिवाय ते बांधायचं कसं, हे मला ह्यांनी एकदा समजावून सांगावं, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "जाग्यावरची वस्तू हलवत जाऊ नको. किती येळा सांगू?" आणि जाता जाता उंबऱ्याशी मी ठेवलेल्या पेटीला ते धडकले. "बघ, वाटंत पेट्या ठिवतीया," असं वर मलाच ऐकवलं. मीही काही कमी बोलले नाही. पेटी पत्र्याची आहे, लाल रंगाची आहे, आणि माझ्या लग्नात आलेली आहे; चौतीस वर्षांत ती दिसली नव्हती का, असं विचारलं.

मग त्या दोऱ्या. घराच्या दारापासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत ह्यांनी हात-दीड हातावर काठ्या रोवल्या आणि कमरेएवढ्या उंचीवर सुतळी बांधत नेली. तिथून ती दोडक्याच्या तारेपर्यंत, तिथून भेंडीच्या कडेनं परत घराकडं. विचारलं तर म्हणाले, वाल लावायचाय, चढायला लागंल. सगळ्या रानाला दोरीचा वेढा आणि वालाचा एकही वेल नाही. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्या दोरीवर धुणं वाळत घातलं. ह्यांनी धुणं काढून दगडावर टाकलं. आम्ही दोघं त्या दिवशी बोललो नाही.

आमच्या शेजारच्या रानात एक अक्का राहते. मेंढरं-शेळ्यांवर तिचं घर चालतं. तिचं मराठी कानडीतून येतं आणि मधेच परत कानडीत जातं. आम्ही गेल्यावर आमचं रान तीच वाट्यानं करणार होती. तिला मी ह्यांचे प्रताप सांगायची. ती खो खो हसायची आणि म्हणायची, "बॅडा बॅडा, जाऊ नका मग. राहा हितंच."

"तू तरी सुरू करू नकोस," मी म्हणायची.

गणपती आले, बसले, गेले. आम्ही जागचे हललो नव्हतो. वांगी फुलावर आली होती आणि ती टाकून कसं जायचं, असा सवाल होता. तेव्हा एका रविवारी मुलगा सोलापूरहून आला. आल्या आल्या त्यानं दोन गडी लावून विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून घेतलं. मग आम्हाला दोघांना समोर बसवलं. तो बापासारखा शांत आहे, माझ्यासारखा नाही. त्यानं विचारलं, "अण्णा, एकदा सांगून टाका. काय झालं म्हणजे तुम्ही निघाल?"

ह्यांनी रानाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "दोडक्याचं बी धरलं की निगू. त्याच्याआधी न्हाय."

इथं त्या दोडक्याचं सांगायला हवं, नाहीतर कुणालाही वाटेल की माणूस भाजीसाठी अडून बसला होता. तो दोडका माझ्या सासूबाईंचा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून, हद्दीपलीकडच्या कानडी मुलखातल्या गावाहून, पदराच्या टोकाला बी बांधून आल्या होत्या. बुटका, जाड, शिरा मऊ, कधीही कडू न निघणारा. दुकानात असलं बी मिळत नाही. मिळतं ते लांब दोडक्याचं, आणि त्याचं बी पुढच्या वर्षी धड उगवत नाही. आमच्याकडं दरवर्षी वेलावरचं एक चांगलं फळ बियाला राखायचं. घरच्या बाईनं आपल्या जुन्या लुगड्याची किंवा साडीची चिंधी फाडायची आणि त्या फळाच्या देठाला गाठ मारायची. चिंधी बांधली की ते फळ कुणाचंच राहत नाही. पाहुणा येवो, उपासमार होवो, त्याला हात लावायचा नाही. ते वेलावरच मोठं व्हायचं, पिवळं पडायचं, वाळायचं, आणि हलवल्यावर आत बी वाजायला लागलं की मगच उतरवायचं. 

माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा भाऊ मला भेटायला आला होता. पेठेतला मुलगा, त्याला चिंधीबिंधी काय कळणार. रानात फिरला आणि बहिणीला मदत म्हणून चार दोडके तोडून आणले, त्यात तो चिंधीचाही. सासूबाईंनी तो उचलून आत नेला. हे मात्र सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाव्हणं, दुसऱ्याचं दूध पिता पिता गायच कापून आणलीसा की." भाऊ जेवला नाही. मी तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. त्या वर्षी वेलावर शेवटी शेवटी आलेल्या एका वेड्यावाकड्या फळावर सासूबाईंनी बी निभावलं. तेव्हापासून आमच्या घरात लहान पोरसुद्धा चिंधीच्या फळाकडं बोट करायचं नाही.

तर बी धरलं की निघायचं, असं कबूल झालं. मुलानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी माझ्या पोपटी साडीची चिंधी फाडली आणि ह्यांनी चाचपून, निवडून दिलेल्या फळाला गाठ मारली. दोन गाठी मारल्या. दिवाळीपर्यंत फळ वाळलं की बी काढायचं आणि दिवाळीनंतर निघायचं. मला एवढं हायसं वाटलं की मी त्या रात्री गोणीतलं पातेलं आपणहून काढून ह्यांना आवडते तशी डाळ-मेथी केली.

दसरा झाला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, हे टोपलं घेऊन रानातून आले. मी पेटीत कपडे भरत होते. ह्यांनी टोपलं माझ्याजवळ टेकवलं आणि म्हणाले, "ह्यो बघ एक. हाताला कसा जड लागला."

मी बघितलं. सगळ्यात वर दोडका होता, चांगला फुगलेला, आणि त्याच्या देठाला पोपटी चिंधी.

 जे सुचलं ते सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी म्हणाले, मला ठाऊकच होतं. तुम्हाला यायचंच नव्हतं. बी वाळलं असतं तर शब्द पाळावा लागला असता, म्हणून मुळावरच घाव घातलात. पोराला शब्द देताना लाज नाही वाटली आणि आता आईचं बी तोडताना हात थरथरला नाही. माझ्या भावाला एवढं बोललात, तो तरी अजाण होता. तुम्ही हे मुद्दाम केलंत. मुद्दाम तोडलात!

ह्यांनी हात पुढं केला. दोडका चाचपला. बोटं देठापाशी गेली, चिंधीवरून फिरली, गाठीवर थांबली. ह्यांचा चेहरा मी बघत होते, पण रागात माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचता येत नाही. बराच वेळ ती बोटं गाठीवरच होती.

मग ते म्हणाले, "व्हय. मुद्दामच तोडला."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि ओट्यावर बसले.

मी तासभर एकटीच भांडत होते. पेटीला, गोणीला, दाभणाला. डॉक्टर, मुलगा, दोन महिन्यांचं आगाऊ भाडं भरलेल्या खोल्या, सगळ्यांच्या वतीनं भांडत होते. जेवायला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि ताट ह्यांच्यापुढं आदळलं. आदळलं ते उजव्या बाजूला. ह्यांनी समोर हात नेला, तिथं ताट नव्हतं. मग हात फिरवत, जमिनीवरून सरकवत, ताटाची कड शोधली. मी उभी होते. तेव्हाही माझ्या मनात आलं ते हेच की, बघा, नाटकं.

उरलेला दोडका तोडून आणावा, निदान हा सत्यानाश कुठं झाला ते तरी बघावं, म्हणून मी दुपारी रानात गेले. तारेवर चढवलेला वेल. ज्या जागी मी चिंधी बांधली होती तिथं देठ स्वच्छ कापलेला. आणि त्याच्या डावीकडं, वीतभरावर, तीन दोडके लोंबत होते. तोडायचे राहून राहून निबर झालेले, उघड्यावरचे, पानाआड नसलेले. मी पुढं गेले. पुढं आणखी दोन. भेंडीच्या ओळीत गेले. ओळीच्या एका अंगाची भेंडी तोडलेली, दुसऱ्या अंगाची बोटाएवढी जाड होऊन लाकूड झालेली. एकदा नाही, कित्येक तोडे तसंच चाललं असणार. हा माणूस ह्या रानात एक भेंडी मागं ठेवत नसे. मी ठेवली तर मला हाक मारून दाखवायचा.

मी तिथंच बांधावर बसले. समोर ती सुतळी होती. दारापासून वाफ्यापर्यंत, वाफ्यापासून दोडक्यापर्यंत, भेंडीच्या कडेनं परत घरी. कमरेच्या उंचीवर, माणसाचा हात जिथं सहज लोंबतो तिथं. हाताच्या घामानं ती काही ठिकाणी काळी पडली होती. तिच्यावर मी धुणं वाळत घातलं होतं.

आणि घरात मी काय केलं होतं? माठ हलवला होता, खुंट्या रिकाम्या केल्या होत्या, चपला फिरवल्या होत्या, वाटेत पेटी ठेवली होती. चौतीस वर्षं जागच्या जागी असलेल्या वस्तूंच्या भरवशावर तो माणूस चालत होता, आणि मी रोज सकाळी उठून त्या उचलत होते. वर विचारत होते, दिसत नाही का?

मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. बोलायला काय झालं होतं? एका शब्दानं सांगायचं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही मला बांधावर बसल्या बसल्या दिसत होतं. मुलगा त्याच संध्याकाळी गाडी करून आला असता, ह्यांना तशाच पावली उचलून घेऊन गेला असता, आणि ह्या रानात ह्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नसतं. सासूबाईंचं बी त्या वर्षी तिथंच संपलं असतं. आणि ते आपल्या हातानं संपवलं, हे घेऊन हा माणूस पेठेतल्या दोन खोल्यांत बसला असता. लबाड म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. हे परवडत नव्हतं.

मी उठले आणि अक्काकडं गेले. तिला म्हणाले, शेळीच्या गळ्यातली एक घंटी दे.

"याक री ताई, कशाला?" ती म्हणाली. "शेळी घेतली काय?"

"दोडका पाळलाय," मी म्हणाले. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. पण घंटी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना हाताला धरून नाही, नुसती हाक मारून वेलापाशी नेलं. एक चांगलं, तरणं फळ मी हेरून ठेवलं होतं. ह्यांनी ते चाचपलं, शिरा मोजल्या, "ह्ये चालंल," म्हणाले. मी चिंधी बांधली, ह्या वेळी तीन गाठी, आणि चिंधीला घंटी अडकवली. वाऱ्यानं ती वाजली.

ह्यांनी मान वळवली. "ही कशापायी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "चष्म्यावर सारखी धूळ बसते माझ्या. एखाद्या दिवशी मीच तोडून बसेन."

ह्यांनी बोटानं घंटी एकदा वाजवून बघितली. मग म्हणाले, "बरं केलंस."

त्या दिवशी मी घरी येऊन माठ खिडकीखाली ठेवला. चपला डावीकडं लावल्या. पेटी खाटेखाली ढकलली. गोणी मात्र तशीच उसवलेली राहू दिली, कारण पातेल्याशिवाय मलाही काही सुचत नाही.

राहिला मुलगा. त्याला फोन केला आणि सांगितलं की दिवाळीनंतर लगेच जमणार नाही, आणखी महिनाभर तरी लागेल. चिंधीचा दोडका तुटला.

"तुटला म्हणजे?" शांत मुलगा पहिल्यांदाच तडकला. "अण्णांनी तोडला ना? आई, मला कळत नाही का? त्यांना यायचंच नाहीये."

हे ओट्यावर बसले होते. फोनचा आवाज मोठा असतो, आमच्याकडं सगळ्यांचाच. ह्यांना सगळं ऐकू जात होतं.

"मीच तोडला," मी म्हणाले. "चुकून. चिंधी दिसली नाही."

मग तो म्हणाला, "आई, तूही?" आणि त्यानं पुढच्या तपासणीला ह्यांच्या नावाखाली माझंही नाव लावून टाकलं. नको म्हणायची सोय मी माझ्या हातानं घालवली होती.

दिवाळीनंतर आम्ही दोघं बसनं सोलापूरला गेलो. मुलगा दवाखान्यात थांबलेला. आधी ह्यांची तपासणी झाली. डॉक्टर बराच वेळ कागद बघत राहिले आणि एवढंच म्हणाले की थेंब चुकवू नका. मग माझी पाळी. मला यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, दिवे दाखवले, बाजूला ठिपके लागतील तेव्हा बटण दाबायला सांगितलं. सगळे ठिपके मला दिसले. ते दिसत असताना, ह्यांना ह्यातले किती दिसले नसतील, हेच मी मोजत होते.

डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे उत्तम आहेत. बाजूची नजरही एकदम चांगली. काही काळजी नाही."

खोलीत आम्ही तिघं आणि डॉक्टर. ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या, सरळ समोर बघत, अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग माजा दोडका कुणी तोडला?"

डॉक्टरांना काहीच कळलं नाही. ते हसून पुढच्या पेशंटचा कागद ओढायला लागले. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या पिशवीचा बंद नीट करत राहिले. मग त्यानं बापाकडं बघितलं, आणि बघतच राहिला.

दवाखान्यातून बाहेर रस्त्यावर उतरायला पायऱ्या आहेत. मुलानं पुढं होऊन ह्यांचा दंड धरला. आजवर असं कुणी धरलं की हे हात झटकायचे. मी तर तो नाद कधीच सोडला होता. त्या दिवशी त्यांनी हात झटकला नाही. पहिल्या पायरीच्या कडेला पाय चाचपून ते थांबले आणि विचारलं, "किती हायत?"

"नऊ," मुलगा म्हणाला.

हे मोजत उतरले.